हुंडी वटवणारे दोघे

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

महासत्तांच्या बोलण्यांची बातमी आली, की आपल्याकडच्या स्तंभांत आणि वाचकांच्या पत्रांत स्वित्झर्लंडविषयी दोन मते हमखास वाचायला मिळतात. पहिल्या मतानुसार हा देश शांततेचा व्रतस्थ उपासक आहे आणि जगाने त्याचा कित्ता गिरवावा. दुसऱ्या मतानुसार तो दोन्ही डगरींवर हात ठेवून पैसा करणारा देश आहे, जो कोणाच्याही भांडणात पडत नाही, मात्र भांडणाऱ्या दोघांनाही बैठकीसाठी दिवाणखाना आणि ठेवींसाठी तिजोरी देतो. ही दोन्ही मते मांडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असतात ती जिनिव्हाच्या सरोवराकाठची छायाचित्रे. माझे म्हणणे असे, की महासत्तांच्या राजकारणात या छोट्या देशाचे खरे काम छायाचित्रात येतच नाही, कारण ते टपालाचे काम आहे. आणि त्या कामासाठी लागणारी पत त्या देशाच्या स्वतःच्या हातात कधीच पूर्णपणे नसते. थोडे लांबलेले हे पत्र आपण छापावे, ही विनंती.

आधी छायाचित्रांचाच निकाल लावतो. नोव्हेंबर १९८५ मध्ये रोनाल्ड रेगन आणि मिखाईल गोर्बाचेव्ह प्रथम भेटले ते जिनिव्हात. सहा वर्षांहून अधिक काळ दोन्ही देशांच्या प्रमुखांची भेट झाली नव्हती, आणि पहिल्याच भेटीसाठी कोणी कोणाच्या दारी जायचे, हा मानापमानाचा प्रश्न होता. तो तिसऱ्याच्या दारी जाऊन सुटला. कडाक्याच्या थंडीत ओव्हरकोट न घालता पायऱ्या उतरून आलेले रेगन आणि कोट-मफलरमध्ये गुंडाळलेले गोर्बाचेव्ह हे दृश्य जगभर छापले गेले. त्या भेटीची एक बारीकशी हकिगत मला त्याहून आवडते. रेगन ज्या घरात उतरले होते, त्या घरातल्या मुलाने आपल्या काचपेटीतील सोनेरी माशांना खायला घालण्याची विनंती पाहुण्यांसाठी लिहून ठेवली होती. रेगन यांच्या मुक्कामात एक मासा मेला. तेव्हा त्यांनी माणसे पाठवून नवे मासे आणवले आणि मुलाला घडला प्रकार कळवणारी चिठ्ठी मागे ठेवली. अण्वस्त्रांच्या बोलण्यांइतकीच ही काळजी वाहिली गेली असावी, असे ती हकिगत वाचताना वाटते.

मात्र त्या दोन दिवसांची रचना पाहावी. पहिल्या दिवशी जिनिव्हाजवळच्या व्हर्स्वा येथील सरोवराकाठच्या बंगल्यात यजमान होते अमेरिकन. दुसऱ्या दिवशी सोव्हिएत संघाच्या जिनिव्हातील कचेरीत यजमान होते सोव्हिएत. ज्यांच्या भूमीवर हे सारे चालले, त्या स्वित्झर्लंडचे त्या वर्षीचे राष्ट्राध्यक्ष कुर्ट फुर्गलर यांनी पाहुण्यांचे स्वागत केले. बोलण्यांच्या दालनात मात्र त्यांना जागा नव्हती. अणुयुद्ध जिंकता येत नाही आणि ते कधीही लढले जाऊ नये, हे वाक्य संयुक्त निवेदनात आले ते दोन महासत्तांच्या गरजेतून. स्विसांनी त्यात रस्ते मोकळे ठेवले, पहारे बसवले आणि तोंड बंद ठेवले. हे काम कमी प्रतीचे नाही, पण त्यासाठी तटस्थच देश लागतो असेही नाही. पुढच्याच वर्षी हेच दोघे रेक्याविकला भेटले, आणि आइसलँड तर नाटोचा संस्थापक सदस्य. २०१८ मध्ये ट्रम्प आणि किम सिंगापूरला भेटले, फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी आणि रशियन परराष्ट्रमंत्री रियाधमध्ये बसले, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ट्रम्प यांनी पुतिन यांना चक्क आपल्याच अलास्कात बोलावले. दिवाणखाना कोणीही देऊ शकतो. ज्यांच्या मते स्वित्झर्लंड म्हणजे केवळ दिवाणखाना, त्यांनी हेही मान्य करायला हवे, की मग तो देश आजच निरुपयोगी झाला आहे. तसे झालेले नाही, याचे कारण दुसरीकडे आहे.

दोन देश एकमेकांशी संबंध तोडतात, तेव्हा राजदूत माघारी जातात, झेंडे उतरतात, पण गरजा उरतात. शत्रूच्या देशात आपले नागरिक अडकलेले असतात, कोणी तुरुंगात असतो, कोणाचा पासपोर्ट हरवलेला असतो, वकिलातीची इमारत आणि तिच्यातील कागदपत्रे सांभाळायची असतात. आणि सर्वांत नाजूक बाब म्हणजे, कधी ना कधी त्या शत्रूला काहीतरी सांगायचे असते. अशा वेळी एखादा तिसरा देश दोघांच्या संमतीने पहिल्याचे हितसंबंध दुसऱ्याच्या राजधानीत सांभाळतो. आंतरराष्ट्रीय कायद्यात या व्यवस्थेला रीतसर स्थान आहे. या वाक्यातील ‘दोघांच्या संमतीने’ हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत; पुढे त्यांच्यावरच सारे येऊन ठेपते.

स्वित्झर्लंडने हे काम १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात प्रथम केले. दुसऱ्या महायुद्धात तर तो जणू जगाचा मुखत्यारच झाला. ३५ देशांची मिळून २०० हून अधिक कामे त्याच्याकडे होती, आणि त्यांत एकमेकांशी प्राणपणाने लढणारे देश होते. हे काम म्हणजे नेमके काय, याचा सर्वांत ठळक नमुना ऑगस्ट १९४५ मधला आहे. हिरोशिमा आणि नागासाकीनंतर जपानने शरणागतीची तयारी दाखवली, तेव्हा टोकियो आणि वॉशिंग्टन यांच्यात बोलण्याची थेट वाट नव्हती. जपानचा संदेश स्विस राजधानी बर्नमधील जपानी वकिलाकडे आला, त्याने तो स्विस परराष्ट्र खात्याला दिला, त्या खात्याने तो वॉशिंग्टनमधील आपल्या दूतावासाला कळवला, आणि तेथील प्रभारी माक्स ग्रेस्ली यांनी तो १० ऑगस्टला अमेरिकी परराष्ट्रमंत्री जेम्स बर्न्स यांच्या हाती पोहोचवला. दुसऱ्या दिवशी बर्न्स यांनी दिलेले प्रसिद्ध उत्तर इतिहासाच्या पुस्तकांत जपानला दिलेले उत्तर म्हणून छापले जाते, पण त्या कागदावर मायना आहे तो ग्रेस्ली यांच्या नावाचा. १४ ऑगस्टला अंतिम होकार त्याच वाटेने आला आणि त्याच संध्याकाळी सात वाजता ट्रुमन यांनी तो पत्रकारांना वाचून दाखवला. कोट्यवधी माणसांचे जगणे-मरणे त्या चार दिवसांत ज्या कागदांवर टांगलेले होते, ते कागद पोहोचले, कारण नेणारे हात त्यांत बदल करणार नाहीत असे दोन्ही बाजूंना वाटत होते.

टपाल्याच्या कामातील कस इथेच आहे. खलिता उघडायचा नाही, त्यात आपले शब्द घालायचे नाहीत, आणि पोहोचवला याचा गाजावाजा करायचा नाही. क्युबात १९६१ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे तब्बल ५४ वर्षे, अमेरिकेचे हितसंबंध स्वित्झर्लंडकडे होते. १९६५ मध्ये क्युबातून निघू पाहणाऱ्यांना विमानाने अमेरिकेत नेण्याचा समझोता झाला, तोही हवानातील स्विस दूतावास आणि क्युबाचे परराष्ट्र खाते यांच्यात. त्या विमानांनी १९७३ पर्यंत अडीच लाखांहून अधिक माणसे नेली. १९७७ नंतर तर मोठी गंमत झाली. हवानाच्या समुद्रकिनारी रस्त्यावरील जुन्या अमेरिकी वकिलातीच्या इमारतीत अमेरिकी कर्मचारी परतले, पण कागदोपत्री तो स्विस दूतावासाचाच एक विभाग राहिला. इमारत तीच, माणसेही बहुतांशी त्यांचीच, आणि नाव मात्र तिसऱ्याचे. संबंध तोडल्याचा मान राहावा आणि कामही अडू नये, यासाठी दोघांनी मिळून घेतलेला तो आडपडदा होता, आणि तो पडदा होण्यातच तिसऱ्याचा उपयोग होता.

इराणचे उदाहरण अजून चालू आहे. तेहरानमधील वकिलातीच्या कब्जाप्रकरणी अमेरिकेने १९८० च्या एप्रिलमध्ये संबंध तोडले आणि मे महिन्यापासून तिचे हितसंबंध तेथील स्विस दूतावास पाहू लागला. (उलट बाजूने वॉशिंग्टनमध्ये इराणचे काम आज पाकिस्तानचा दूतावास सांभाळतो; म्हणजे दोघांचा टपाल्या एकच असावा लागतो, असेही नाही.) ३ जानेवारी २०२० रोजी अमेरिकेने बगदादमध्ये इराणचे जनरल कासिम सुलेमानी यांना ठार केले आणि दोन्ही देश युद्धाच्या उंबरठ्यावर आले, तेव्हा काही तासांतच अमेरिकेचा सांकेतिक संदेश स्विस दूतावासाच्या यंत्रावर उतरला, आणि राजदूतांनी तो स्वतः इराणच्या परराष्ट्र खात्यात नेऊन दिला, असे त्या वेळी वृत्तपत्रांनी छापले होते. जाहीर व्यासपीठावर दोन्हीकडून डरकाळ्या चालू असताना या वाटेने जाणारे-येणारे निरोप वेगळ्या सुरात होते. इराणने इराकमधील अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रे डागल्यानंतर प्रकरण तिथेच थांबले. ते केवळ या निरोपांमुळे थांबले असे मी म्हणणार नाही. पण समोरच्याला थांबायचे आहे, हे कळण्याची एक खात्रीची वाट उघडी होती, एवढे नक्की.

टपाल्याने मर्यादा ओलांडली तर काय होते, हेही त्याच दूतावासाने पाहिले आहे. २००३ च्या मे महिन्यात तेव्हाचे स्विस राजदूत टिम गुल्डिमन यांनी इराण-अमेरिका संबंध सुधारण्याचा एक आराखडा वॉशिंग्टनला पाठवला आणि त्यामागे इराणच्या वरिष्ठ नेतृत्वाची संमती असल्याचे कळवले. इराकमध्ये नुकत्याच मिळालेल्या विजयाच्या कैफात असलेल्या बुश प्रशासनाने आराखड्याला उत्तर दिले नाहीच. उलट राजदूतांनी आपल्या कामाच्या कक्षेबाहेर पाऊल टाकल्याची नाराजी स्विसांना ऐकवली. आराखड्यात कोणाची लेखणी किती चालली होती, यावर आजही वाद आहे. माझ्या मते त्या वादापेक्षा महत्त्वाची बाब ही, की टपाल्याने पत्रात स्वतःची शाई घातली आहे असा संशय येण्यानेही पत्राची किंमत घसरली. मध्यस्थाने कल्पक असावे, अशी आपली अपेक्षा असते. निरोप्याने मात्र कंटाळवाणे असावे. या दोन भूमिकांची गल्लत आपल्याकडच्या लेखनात नेहमी होते.

या ठिकाणी कोणी म्हणेल, की हे सारे छोट्या, सभ्य, दोनशे वर्षे युद्धात न उतरलेल्या देशाच्या पुण्याईने चालते. मला हे पटत नाही, आणि माझ्या पत्राचा मुख्य मुद्दा हाच आहे. तटस्थता ही हुंडीसारखी असते. लिहिणाऱ्याने कितीही वळणदार अक्षरात लिहिली, तरी ती चालते वटवणाऱ्याच्या पेढीवर. स्वित्झर्लंडच्या बाबतीत पेढी दोन महासत्तांची आहे, आणि दोघींनी हुंडी स्वीकारली तरच तिला मोल. मुळात ही तटस्थता कायम झाली तीच अशी. नेपोलियनच्या पाडावानंतर २० नोव्हेंबर १८१५ रोजी पॅरिसमध्ये तत्कालीन बड्या राष्ट्रांनी स्वित्झर्लंडच्या कायम तटस्थतेला मान्यता दिली आणि ती संपूर्ण युरोपच्या खऱ्या हिताची असल्याचे कागदावर घातले. आल्प्सच्या खिंडी ना फ्रान्सच्या हातात जाव्यात ना ऑस्ट्रियाच्या, हे त्यामागचे उघड गणित होते. स्विसांना तटस्थ राहायचे होते हे खरे. पण त्यांना तटस्थ राहू देणे दुसऱ्यांच्या सोयीचे होते, हे अधिक खरे.

हे सिद्ध करायला स्विस इतिहासातील डागच सर्वांत उपयोगी पडतात. महायुद्धात स्विस राष्ट्रीय बँकेने जर्मनीच्या राइशबँकेकडून सोने विकत घेतले, त्यात व्यापलेल्या देशांतून लुटलेले सोने होते. १९४६ च्या वॉशिंग्टन करारानुसार त्यापोटी २५ कोटी फ्रँक मोजावे लागले, आणि सीमेवरून परत पाठवलेल्या हजारो ज्यू निर्वासितांचा हिशेब तर कोणत्याही फ्रँकांत होणारा नव्हता. शीतयुद्धात, १९५१ मध्ये, अमेरिकेशी झालेल्या एका गुप्त समझोत्याने स्वित्झर्लंडने पूर्व युरोपला जाणाऱ्या तांत्रिक मालावरील पाश्चात्त्य निर्बंध मुकाट्याने पाळायचे कबूल केले. बाहेर सोवळे, आत समझोता. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तर असे उघड झाले, की त्सुग प्रांतातील क्रिप्टो एजी ही स्विस कंपनी, जिची संदेश सांकेतिक करणारी यंत्रे शंभराहून अधिक सरकारांनी ‘तटस्थ देशाचा माल’ म्हणून विश्वासाने घेतली, ती १९७० पासून अमेरिकेच्या आणि पश्चिम जर्मनीच्या गुप्तचर संस्थांच्या गुप्त मालकीची होती. यंत्रे अशी बनवलेली होती, की मालकांना ते संदेश वाचता यावेत. स्विस संसदेच्या चौकशीत पुढे आले, की त्यांच्याच गुप्तचर खात्याला हे १९९३ पासून ठाऊक होते.

आता यातील विसंगती पाहावी. क्रिप्टो एजीच्या गिऱ्हाइकांत इराण होता. इराणला संशय आला म्हणून १९९२ मध्ये त्या कंपनीच्या एका विक्रेत्याला तेहरानमध्ये अटक होऊन नऊ महिने कोठडीत राहावे लागले होते. बिचाऱ्याला आपण काय विकतो आहोत, याचा पत्ताच नव्हता. २०२० मध्ये त्या संशयावर शिक्कामोर्तब झाले. तरीही इराणने स्विस दूतावासाला, तुम्ही आता अमेरिकेचे काम पाहू नका, असे सांगितले नाही. शुचिर्भूतपणा हीच जर तटस्थतेची पत असती, तर ती त्या दिवशी संपायला हवी होती. ती संपली नाही, कारण तेहरानला वॉशिंग्टनपर्यंत जाणारी ती वाट हवी होती. गरज असली, की डाग दिसूनही दिसत नाहीत.

आणि गरज संपली, की कायदाही उपयोगी पडत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा स्विस सरकार पहिले काही दिवस चाचरले आणि २८ फेब्रुवारीला त्याने युरोपीय संघाचे निर्बंध स्वीकारले. वृत्तपत्रांनी त्याच दिवशी स्विस तटस्थतेचा मृत्यूलेख लिहून टाकला. खरे तर स्विस स्वतः नेहमी दोन गोष्टींत भेद करतात: तटस्थतेचा कायदा आणि तटस्थतेचे धोरण. १९०७ च्या हेग करारातील कायदा सांगतो, की तटस्थ देशाने युद्धात सैन्य पाठवू नये, आपली भूमी लढणाऱ्यांना वापरू देऊ नये, आणि युद्धसामग्रीच्या निर्यातीवर बंधने घातली तर ती दोन्ही बाजूंना सारखी लावावीत. आर्थिक निर्बंधांना त्यात मनाई नाही. ती बाब धोरणाची. १९९० मध्ये इराकविरुद्धचे संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध स्वित्झर्लंडने सदस्य नसतानाही पाळले होते. हा कायदा त्यांनी २०२२ नंतरही किती काटेकोरपणे पाळला, याचा पुरावा म्हणजे जर्मनीला पूर्वी विकलेली गेपार्ड रणगाड्यांची सुमारे १२ हजार काडतुसे युक्रेनला देऊ द्यायला त्यांनी दिलेला नकार. पाश्चात्त्य देश त्यावर संतापले. म्हणजे एक बाजू म्हणत होती तुम्ही तटस्थ राहिला नाहीत, आणि दुसरी म्हणत होती तुम्ही नको तितके तटस्थ आहात.

त्याच वर्षी युक्रेनने विनंती केली, की रशियात आमचे हितसंबंध स्वित्झर्लंडने सांभाळावेत. स्विसांनी तयारी दाखवली. ऑगस्टमध्ये मॉस्कोने नकार दिला: निर्बंध स्वीकारणारा देश आम्ही तटस्थ मानत नाही. ‘दोघांच्या संमतीने’ हे शब्द मी वर लक्षात ठेवायला सांगितले ते यासाठी. इथे हेग करारातील कलमे दाखवून उपयोग नव्हता. पेढीवाल्याने हुंडी परत केली होती. आणि तरीही त्याच मॉस्कोचे एक काम स्वित्झर्लंडकडेच राहिले. २००८ च्या युद्धानंतर रशिया आणि जॉर्जिया यांनी संबंध तोडले, तेव्हापासून जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीत, रशियाचे आणि मॉस्कोत जॉर्जियाचे हितसंबंध पाहण्याचे काम स्विसांकडे आहे. ते २०२२ च्या त्या नकारानंतरही काढून घेतले गेले नाही. एकाच राजधानीच्या दृष्टीने एकच देश एका सीमेपुरता तटस्थ आणि दुसऱ्या सीमेपुरता पक्षपाती! याहून स्पष्ट खुलासा कोणता हवा?

जून २०२४ मध्ये लुसर्नजवळ ब्युर्गेनश्टॉक येथे स्विसांनी युक्रेनमधील शांततेसाठी मोठी परिषद भरवली. नव्वदहून अधिक देश आले, भारतही गेला, पण निवेदनावर भारताने सही केली नाही. आणि ज्याच्याशी शांतता करायची, तो रशिया तिथे नव्हताच. मला ती परिषद फसली असे वाटते, आणि फसली ती स्विसांच्या स्वभावाविरुद्ध गेल्यामुळे. टपाल्याने चावडीवर सभा बोलावली होती. शेकडो पाहुणे, ध्वजांची रांग, छायाचित्रकारांची गर्दी, आणि ज्याच्या नावाचे पत्र होते तोच गैरहजर. त्याउलट जानेवारी १९९१ मधील जिनिव्हातली एक बैठक आठवावी. आखाती युद्धाच्या तोंडावर अमेरिकी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर आणि इराकचे तारिक अझिज एका हॉटेलात सहा तासांहून अधिक बसले. बेकर यांनी थोरल्या बुश यांचे सद्दाम हुसेन यांच्या नावचे पत्र पुढे केले. अझिज यांनी ते वाचले, त्याची भाषा राष्ट्रप्रमुखाला शोभणारी नाही असे म्हणून स्वीकारायला नकार दिला, आणि पत्र टेबलावरच पडून राहिले. युद्ध टळले नाही. पण दोन्ही बाजू समोरासमोर होत्या आणि काय नाकारले जात आहे, हे दोघांनाही कळत होते. ती बैठक अपयशी ठरली तरी खरी होती.

तटस्थ देशांचे दिवस भरले, असे आज बरेच जण म्हणतात, आणि त्यांच्याजवळ दाखवायला पुष्कळ आहे. १९७५ मध्ये ३५ देशांना हेलसिंकीत एका मेजावर आणणारा फिनलंड ४ एप्रिल २०२३ रोजी नाटोत गेला. पुढच्या मार्चमध्ये स्वीडनही गेला. मध्यस्थीची कामे दोहा, मस्कत आणि रियाधकडे वळली, आणि यांपैकी दोहा ज्याची राजधानी, त्या कतारमध्ये तर अमेरिकेचा मोठा हवाई तळ आहे. हेगच्या कायद्यातली तटस्थता तिथे शोधूनही सापडायची नाही. स्वित्झर्लंडपुढे एक नवी अडचणही आहे. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा तो सदस्य असल्याने, ज्याच्यावर त्या न्यायालयाचे वॉरंट आहे अशा नेत्याला पाऊल ठेवताच अटक करणे त्याच्यावर बंधनकारक ठरते. म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये परराष्ट्रमंत्री इग्नात्सियो कासिस यांना जाहीर करावे लागले, की पुतिन शांतता परिषदेसाठी आले तर त्यांना अभय मिळेल. पुतिन आले नाहीत.

महासत्तेची सेवा केली म्हणून महासत्ता सवलत देते, असा ज्यांचा समज असेल त्यांनी २०२५ मधील दोनच तारखा शेजारी ठेवाव्यात. १० आणि ११ मे रोजी अमेरिका आणि चीन यांचे व्यापारयुद्ध थोपवण्यासाठीची बोलणी जिनिव्हात, संयुक्त राष्ट्रांतील स्विस राजदूताच्या बंगल्यावर झाली; १४५ आणि १२५ टक्क्यांवर गेलेली आयातशुल्के तात्पुरती ३० आणि १० टक्क्यांवर आली, दोन्ही शिष्टमंडळांनी यजमानांचे आभार मानले. ७ ऑगस्टपासून त्याच अमेरिकेने त्याच यजमानाच्या मालावर ३९ टक्के शुल्क लावले, जे श्रीमंत देशांत सर्वाधिक होते. नोव्हेंबरमध्ये ते १५ टक्क्यांवर आणण्याचे ठरले, पण ते घासाघीस करून आणि अमेरिकेत गुंतवणुकीची मोठी आश्वासने देऊन. दिवाणखाना वापरू दिल्याच्या कृतज्ञतेपोटी नव्हे. टपाल्याला वाटेतली कुत्री चावतात, आणि ज्याचे पत्र त्याचेच कुत्रे चावणार नाही, असेही नसते.

मग हा देश हे काम का करत राहतो? स्वार्थ आहेच. ९० लाखांच्या आसपास वस्तीचा, समुद्रकिनारा नसलेला देश, ज्याच्या शब्दाला एरवी कोणी विचारणार नाही, त्याला या कामामुळे वॉशिंग्टनपासून तेहरानपर्यंत दार उघडे मिळते. शिवाय सवयही असावी, आणि ती एका जागी विलक्षण स्वरूपात पाहायला मिळते. १९५३ च्या कोरियन युद्धविरामावर देखरेख करण्यासाठी स्वित्झर्लंड, स्वीडन, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया या चार देशांचा एक तटस्थ आयोग नेमला गेला. शीतयुद्ध संपल्यावर उत्तर कोरियाने आधी चेकांना आणि १९९५ मध्ये पोलिशांना घालवून दिले आणि आयोगाचे अस्तित्वच अमान्य केले. तरीही पान्मुन्जोमला सीमारेषेवरील निळ्या खोल्यांच्या शेजारी मूठभर स्विस आणि स्वीडिश अधिकारी आजही राहतात. ते ठरल्या दिवशी बैठक घेतात, अहवाल लिहितात आणि उत्तरेसाठी असलेल्या पत्रपेटीत त्याची प्रत ठेवतात. उत्तरेकडून ती उचलायला कोणी येत नाही. पेटी भरते, रिकामी केली जाते, पुन्हा नवी प्रत पडते. मी या हकिगतीवर प्रथम हसलो होतो. नंतर लक्षात आले, की उत्तरेच्या एखाद्या अधिकाऱ्याला एके दिवशी पेटी उघडावीशी वाटली, तर तिच्यात त्या आठवड्याचा कागद असेल.

यासंबंधात आपल्या दैनिकाला माझी एक छोटी सूचना आहे. महासत्तांच्या भेटीच्या बातमीत हस्तांदोलनाचे छायाचित्र आणि निवेदनाचा मजकूर आपण छापताच. त्याबरोबर शक्य असेल तेव्हा एक चौकट द्यावी: भेटीपूर्वी निरोप कोणत्या राजधानीतून कोणत्या दूतावासामार्फत गेले, दोन देशांपैकी कोणाचे हितसंबंध कोण सांभाळत होते, आणि कोणी कोणाला तटस्थ मानायला नकार दिला. ही माहिती बहुतेक वेळा गुप्त नसते. परराष्ट्र खात्यांच्या निवेदनांत ती दोन ओळींत सापडते, फक्त ती बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात कापली जाते.

कळावे,

आपला,
एक नियमित वाचक